रोजभत्ता की पगाराचाच तुकडा?

अमेरिकेतला लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे केबिनमागच्या बर्थवर झोपतो आणि महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर जेवतो. या जेवणाखाण्यासाठी मालकाने रोजचा करमुक्त भत्ता, म्हणजे तिकडचा ‘पर डिएम’, देऊ केला तर घ्यावा का, असं विचारणंच अनेकांना विचित्र वाटेल. मिळतोय तर का सोडायचा? पण बऱ्याच कंपन्यांत हा भत्ता पगाराच्या वर मिळत नाही, मैलामागे ठरलेल्या दरातूनच तो वेगळा काढला जातो. हे असं का झालं, हे त्या धंद्याच्या आणि करकायद्याच्या इतिहासात शोधावं लागतं.

1935च्या कायद्याने अमेरिकी ट्रक वाहतुकीचे परवाने आणि भाडी सरकारी नियंत्रणाखाली आली. 1938च्या श्रमकायद्याने किमान वेतन आणि ओव्हरटाइम आणला, पण आंतरराज्य ट्रक ड्रायव्हरांना ओव्हरटाइममधून वगळलं. ती उणीव ट्रक ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स युनियनने करारांतून बरीच भरून काढली. 1964 साली युनियनचा नेता जिमी हॉफा याने देशभरासाठी एकच करार घडवून आणला. मग 1980मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने नियंत्रणं सैल झाली, नव्या कंपन्यांची रीघ लागली, भाडी पडली आणि युनियनचा जोर ओसरला. मायकेल बेल्झर या अर्थतज्ज्ञाने 2000 साली या ट्रकांना ‘चाकांवरचे घामकारखाने’ म्हटलं, ते काही उगाच नाही. ट्रक धावला तरच पैसे. गोदामाच्या धक्क्यावर माल चढण्याची वाट पाहत गेलेले तास बहुधा फुकट. अशा बाजारात खर्च न वाढवता ड्रायव्हरच्या हाती जास्त रक्कम पडल्यासारखी दिसेल अशी सोय मालकाला हवीच होती.

ती करकायद्याने पुरवली. 1986नंतर प्रवासातल्या जेवणखर्चाच्या 80 टक्केच रकमेची वजावट मिळू लागली आणि 1994पासून ती 50 टक्क्यांवर आली. ड्रायव्हरांसारख्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने वाढत 2008मध्ये पुन्हा 80 टक्के झाली. 2017पर्यंत नोकरदार ड्रायव्हरलाही, अटी जाचक असल्या तरी, ही वजावट स्वतः मागता येत असे. 2017च्या कायद्याने 2018पासून ती वाट बंद केली. कंपनीची वजावट मात्र शाबूत राहिली. सवलतीची किल्ली कामगाराकडून मालकाकडे गेली ती अशी, आणि माझ्या मते या भत्त्याच्या इतिहासातली हीच सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

हिशेब मांडून पाहू. वर्षाला एक लाख मैल, दर 60 सेंट, म्हणजे 60 हजार डॉलर. त्यातले 15 हजार भत्ता म्हणून दाखवले तर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के वाचतात, सुमारे 1,150 डॉलर. 12 टक्के दराने आयकराचे आणखी 1,800. जवळपास तीन हजारांचा फायदा, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण भत्ता घेणाऱ्याचा दर मैलामागे दीडएक सेंटने उतरवण्याची पद्धतही आहे. तसं झालं तर 1,500 डॉलर तिथेच गेले. कंपन्या म्हणतात, भत्त्याच्या 20 टक्के रकमेवर आम्हाला वजावट मिळत नाही, तो भुर्दंड कोण सोसणार? खरं आहे, पण 21 टक्के कंपनीकराने तो भुर्दंड 630 डॉलरचा होतो. आणि कंपनीच्या वाट्याचे 7.65 टक्के, म्हणजे तेच 1,150, तिचेही वाचलेले असतात.

भत्ता पगारात धरला जात नसल्याने त्यावर सामाजिक सुरक्षेचं पेन्शनही साठत नाही. यावरचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजचा डॉलर हातात असलेला बरा, पेन्शनचं कोणी पाहिलंय? पेन्शनपुरता मी तो बराचसा मान्य करतो. अशा एका वर्षामुळे मध्यम कमाईच्या ड्रायव्हरचं पेन्शन महिन्याला साधारण 11 डॉलरने घटतं. वाचलेले पैसे खरोखर बाजूला टाकणाऱ्याला हा सौदा परवडेल. पण अपघात पेन्शनच्या वयापर्यंत थांबत नाही. जखमी कामगाराची भरपाई बहुतेक राज्यांत आठवड्याच्या सरासरी पगाराच्या दोन तृतीयांश असते, आणि जिथे भत्ता पगारात धरत नाहीत तिथे वरच्या उदाहरणातला ड्रायव्हर आठवड्याला जवळपास 200 डॉलरला मुकतो. तेव्हा ठरलेला दर शाबूत ठेवून वर भत्ता मिळत असेल तर तो बेलाशक घ्यावा. दरातूनच कापलेला असेल तर, अपघाताची भरपाई पूर्ण कमाईवर धरू असं कंपनी लिहून देत नाही तोवर, नको म्हणावं. आणि ज्याचं घरभाडं सुटलंय, बिऱ्हाड ट्रकमध्येच आहे, त्याने तर या वाटेला जाऊच नये: ‘घरापासून दूर’ असण्यासाठी आधी घर लागतं, आणि ते नसेल तर करखात्याच्या लेखी हा भत्ता करमुक्त नाहीच.