लम्पीला साबण चालतो, मग लाळ्या-खुरकूतला का नाही? समजून घ्या विषाणूच्या मेदाच्या थराची गोष्ट

भीमा नदीच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. दोन्हीकडे ऊस आणि जोडीला दुधाचा धंदा. इथल्या गोठ्यांना दोन विषाणूंची कायम धास्ती असते: लम्पी आणि लाळ्या-खुरकूत. दोन्ही जनावरांचेच आजार. पण एकाला मारणारी फवारणी दुसऱ्यावर चालेलच असं नाही. कारण दडलंय मेदाच्या एका पातळ थरात.

हा थर म्हणजे नेमकं काय?

माणसाची असो की गाईची, प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. ते मुख्यतः लिपिड म्हणजे मेदाच्या रेणूंचं बनलेलं असतं. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, तर शेपूट पाण्यापासून लांब पळतं. त्यामुळे शेपटाला शेपूट लावून दोन थर तयार होतात. या दुहेरी थराची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी. त्यात अधूनमधून कोलेस्टेरॉल आणि प्रथिनं बसलेली असतात.

विषाणू इथे काय करतो?

विषाणूला स्वतःचा मेद बनवता येत नाही. म्हणून काही विषाणू तो पेशीकडूनच उचलतात. फ्लूचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या बाहेरच्या पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतो. करोना, डेंग्यू आणि झिका हे विषाणू पेशीच्या आतल्या पटलांमधून आवरण घेतात. लम्पीच्या विषाणूचं आवरणही पेशीच्याच मेदाचं असतं.

हे आवरण पुढे घुसखोरीसाठी उपयोगी पडतं. नव्या पेशीला चिकटल्यावर विषाणूचा मेद आणि पेशीचा मेद एकमेकांत मिसळतात आणि विषाणूचा जनुकीय ऐवज आत उतरतो. डेंग्यू आणि झिकासारखे विषाणू तर पेशीच्या आतल्या पटलांची मोडतोड करून तिथेच आपल्या प्रती काढायचा कारखाना थाटतात.

झिका इथून फार लांब नाही. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसर गावी जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण आढळला. निदान झालं ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत.

मग साबण काय करतो?

साबणाच्या रेणूलाही पाण्याची आवड असलेलं डोकं आणि मेदाची आवड असलेलं शेपूट असतं. ही शेपटं विषाणूच्या आवरणात घुसतात आणि ते फाडून टाकतात. आवरण गेलं की पेशीत शिरायची सोयच संपते. करोनाच्या काळात २० सेकंद हात धुवा असं सांगितलं जायचं, त्यामागे हे गणित होतं. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझरही हेच आवरण मोडतं.

लाळ्या-खुरकूत वेगळा का?

या विषाणूला मेदाचं आवरणच नसतं. त्याचं कवच निव्वळ प्रथिनांचं. साबणाने हात-पाय धुतले तर तो पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो, पण साबणाने मरेल याचा भरवसा नाही. पोलिओ आणि जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस याच गटातले. म्हणूनच नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही, हात धुवावेच लागतात.

मात्र लाळ्या-खुरकूतच्या विषाणूची एक दुखरी नस आहे. जास्त आंबट किंवा जास्त खारट-अल्कधर्मी वातावरण त्याला सोसत नाही. सामू ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की त्याचं कवच निकामी होतं. म्हणून गोठ्यासाठी ४ टक्के धुण्याचा सोडा, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, हा स्वस्त उपाय आहे. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर बाहेरगावचे बैल येतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

गोठ्यात काय करायचं?

• आधी शेण-मूत खरवडून काढा. घाणीखाली औषध पोहोचत नाही.
• लम्पीसाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालतं. पण गळून पडलेल्या खपल्या गोळा करून नष्ट करा. आवरण नाजूक असलं तरी वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर तग धरतो.
• लाळ्या-खुरकूतसाठी सोड्याचं पाणी वापरा. हातमोजे घाला.
• यातलं काहीही जनावराच्या अंगावर किंवा जखमेवर लावू नका. ही औषधं जमीन, गव्हाणी आणि भांड्यांसाठी आहेत.
• लसीला पर्याय नाही. जनावर आजारी दिसलं तर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

तूप-तेल सोडलं तर संसर्ग टळतो का?

नाही. विषाणूला मेद लागतो म्हणून ताटातला मेद कमी करून त्याची उपासमार होत नाही. पेशी लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःही तयार करतात. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

थोडक्यात, फवारणीचा डबा उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: समोरच्या विषाणूला मेदाचं आवरण आहे की नाही?