व्हॅन्कोमायसिनचे कूळ

ज्या औषधाच्या नावातच जयाची आकांक्षा गोंदलेली आहे, त्या व्हॅन्कोमायसिनचे मूळ बोर्निओच्या अरण्यातील मूठभर मातीत आहे. १९५० नंतरच्या त्या काळात पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंनी रुग्णालयांतून ठाणे मांडले होते. अशा वेळी एली लिली या अमेरिकन कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ कॉर्नफेल्ड यांच्याकडे त्यांच्या परिचयाच्या एका मिशनऱ्याने बोर्निओतून जी माती धाडली, तिच्यातील एका सूक्ष्मजीवाने स्रवलेले द्रव्य या जंतूंचा संहार करते असे आढळले, आणि कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद ०५८६५ या क्रमांकाने झाली.

आरंभीचे हे द्रव्य इतके तपकिरी होते की, शुद्ध करूनही त्याचा रंग जाईना, म्हणून प्रयोगशाळेतील मंडळी त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. पुढे ‘व्हँक्विश’, म्हणजे पादाक्रांत करणे, या इंग्रजी क्रियापदावरून त्याचे नामकरण झाले. त्यातला ‘मायसिन’ हा प्रत्यय मात्र बुरशीच्या ग्रीक नावातून आलेला असून, हे द्रव्य स्रवणाऱ्या सूक्ष्मजीवांची गणना एके काळी बुरशीत होत असे, त्या जुन्या समजुतीची ती खूण आहे. नाव सार्थ ठरेल असे वाटण्यास आधारही होता. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस औषधाच्या सान्निध्यात लागोपाठ वीस वेळा नव्याने वाढविला, तेव्हा पेनिसिलिनविरुद्ध त्याचा प्रतिकार लक्षपटीने वाढला, व्हॅन्कोमायसिनविरुद्ध तो जेमतेम चार ते आठ पटींनी वाढला. १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. परंतु दोनच वर्षांत मेथिसिलिन हे दुसरे प्रतिजैविक आले आणि व्हॅन्कोमायसिन मागे पडले, ते मेथिसिलिनही निष्प्रभ होऊ लागेपर्यंत.

व्हॅन्कोमायसिन जंतूला मारते कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जंतूची भिंत ज्या घटकांची बनते त्यांच्या शेपटाला डी-ॲलनीन या अमिनो आम्लाची जोडी असते. व्हॅन्कोमायसिनचा पेल्यासारखा रेणू त्या शेपटाला हायड्रोजनच्या पाच बंधांनी कवटाळून बसतो, त्यामुळे भिंतीचा पुढचा चिरा बसत नाही, आणि भिंतीवाचून जंतू जगत नाही. १९८० नंतरच्या दशकात एन्टरोकोकस जंतूंनी यावर जो तोडगा काढला त्याची सूक्ष्मता पाहून मी तरी थक्क होतो: त्यांनी शेवटच्या डी-ॲलनीनच्या जागी दुग्धाम्लाचा अंश बसविला, म्हणजे नायट्रोजनच्या जागी प्राणवायूचा एक अणू आणला. एक बंध तुटला, समोरासमोर आलेले प्राणवायूचे दोन अणू, एक शेपटातला व एक औषधातला, एकमेकांना दूर लोटू लागले, आणि पकड सुमारे हजारपटीने ढिली झाली. युरोपात पशुखाद्यात सर्रास घातल्या जाणाऱ्या ॲव्होपार्सिन या व्हॅन्कोमायसिनच्याच कुळातील द्रव्यामुळे असे जंतू जनावरांत फोफावले. तेथे त्यावर बंदीचा हुकूम निघाला तो १९९७ मध्ये. माणसाच्या शेवटच्या आधाराचे सख्खे भावंड कोंबड्या-डुकरांच्या दाण्यात मिसळले जावे, ही बेपर्वाई मला अक्षम्य वाटते.

मातीने दिलेल्या रेणूला हातांनी नवे रूप देण्याचे काम अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत डेल बोगर यांनी आरंभिले. ज्या प्राणवायूच्या अणूमुळे दुरावा निर्माण होत होता तोच त्यांनी औषधाच्या गाभ्यातून काढला, तेथे प्रथम गंधक व मग नायट्रोजन आणला, आणि नवा रेणू जंतूच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही शेपटांना धरू लागला. त्यात आणखी दोन फेरफार करून जंतूवर स्वतंत्रपणे आघात करणारे दोन मार्ग जोडल्यावर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रतिकारक एन्टरोकोकस पन्नास फेऱ्या या रेणूच्या सान्निध्यात वाढविल्यानंतरही त्याचा प्रभाव फारसा ओसरला नाही. हे संयुग घडवायला त्या वेळी सुमारे तीस पायऱ्या लागत होत्या. त्या कमी करणे हेच बोगर यांनी आपले पुढचे काम म्हणून सांगितले.