नवी '३१५ बोर' रायफल घेतली? रानात नेण्याआधी काय काय तपासायचं

जिंतूर, सेलू, पाथरीपासून गंगाखेड, पालमपर्यंत रानडुकरं आणि रोह्यांचा त्रास नवा नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, ऊस, काहीच सुटत नाही. ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे असे काही शेतकरी १२ बोर बंदुकीऐवजी बोल्टची रायफल घ्यायचा विचार करतात. देशी रायफलीत '.३१५' हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. मग प्रश्न येतो, घेतलेली रायफल चांगली निघाली का, हे ओळखायचं कसं? आणि ती शेतात वापरता येते का?

.३१५ म्हणजे नेमकं काय?

कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीचं नाव या रायफलीशी जोडलेलं आहे. रचना जुन्या ली-एनफिल्ड रायफलीसारखी. दर वेळी हातानं बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलून खाली दाबायचा, मग एक बार. इंग्रजांच्या काळात लष्कराची .३०३ काडतुसं सामान्य माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून .३१५ हा वेगळा बोर चालला, तो आजही आहे. याची काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सगळे आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेलेत, त्यामुळे नव्या शस्त्राच्या कागदावर कंपनीचं नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका.

आधी कागद, मग रायफल

दुकानातून निघण्याआधी रायफलीवर कोरलेला नंबर, पावतीवरचा नंबर आणि परवान्यावर चढवलेला नंबर एकच आहे ना, हे अक्षर-अक्षर जुळवा. परवान्यावर तुमचा यूआयएन नंबर असला पाहिजे. दिलेल्या मुदतीत शस्त्र दाखवून नोंद करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

घरी करायची तपासणी

पहिला नियम: मॅगझिन काढा, बोल्ट मागं ओढा, नळीच्या मागच्या तोंडात डोळ्यानं बघा आणि बोटानं चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. तरीही नळीचं तोंड कुणाकडंही करायचं नाही.

• नळी: कारखान्यातून येताना आत घट्ट ग्रीस असतं. गजाला फडकं लावून ते पूर्ण काढा. मग बोल्ट काढून मागच्या बाजूनं उजेडाकडं धरून बघा. आतल्या पिळाच्या रेषा स्वच्छ आणि सारख्या दिसल्या पाहिजेत. गंजाचे खड्डे किंवा गोल कड्यासारखी काळी सावली दिसली तर रायफल परत दाखवा.

• बोल्ट: बोल्टवर नंबर असेल तर तो रायफलीच्या नंबराशी जुळला पाहिजे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला तर काडतूस मागं नीट टेकत नाही, आणि बार मागं फुटण्याचा धोका असतो. या जातीच्या रायफलीत बोल्ट पुढं ढकलताना शेवटी जोर लागतो, तो दोष नाही. अडकणं किंवा खरखर मात्र दोष आहे.

• चाप आणि सेफ्टी: रिकामी रायफल बोल्ट मारून तयार करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा. मग सेफ्टी काढा. 'खट्' आवाज आला तर सेफ्टी बिघडलेली आहे. दुसरी चाचणी: सेफ्टी न लावता दस्त्यावर मागून तळहातानं थापटा, बोल्ट जोरात बंद करून बघा. चापाला हात न लावता आतली सुई सुटली तर ती रायफल भरायचीच नाही.

• दस्ता: लाकडाला चीर, ढिले स्क्रू, हलणारी नळी बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि नेम सरकतो.

• मॅगझिन: यासाठी नकली काडतुसं मिळतात. ती सगळी एकेक करून चढतात का आणि बाहेर फेकली जातात का, हे बघा. खऱ्या काडतुसांवर ही चाचणी घरात करू नका.

नेम कुठं लावायचा?

शेतात नाही. परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला असतो आणि रायफल कशी चालते हे बघायला रानात बार काढणं महागात पडू शकतं. विक्रेत्याला विचारून परवानगी असलेल्या शूटिंग रेंजवरच जा. कानाला आणि डोळ्याला संरक्षण घ्या.

५० मीटरपासून सुरू करा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, सावकाश तीन गोळ्या मारा. तिन्ही गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत लागल्या तर साध्या माशीवर स्वस्त रायफल ठीक आहे. त्या मध्यापासून दूर पण एकत्र असतील तर दोष नेमाचा, तो सुधारतो. मागची साइट जिकडं सरकवाल तिकडं गोळी जाते, पुढच्या माशीचं उलटं. तिन्ही गोळ्या तीन दिशांना गेल्या तर आधी स्क्रू बघा, दुसऱ्या माणसाकडून मारून घ्या, तरीही तसंच असेल तर तक्रार करा.

प्रत्येक रिकामं काडतूस उचलून बघा. बुडाशी फुगवटा, चीर किंवा बुडाची टोपी बाहेर आलेली दिसली तर तिथंच थांबा. बार न उडता 'फुस' झाला तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. आवाज दबका आला तर पुढची गोळी मारण्याआधी नळी मोकळी आहे का बघा. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी मारली की नळी फाटते.

पण ही रायफल पिकासाठी आहे का?

इथं बरेच जण चुकतात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ती पुरेशी नसेल तर दुसरी बिनपिळाची बंदूक, म्हणजे आपली १२ बोर. रायफल त्यात नाही. कारण साधं आहे. छर्रा थोड्या अंतरावर दम सोडतो, रायफलची गोळी एक-दोन किलोमीटरच्या पुढंही माणूस मारू शकते. गोदावरी, दुधनेच्या काठची जमीन सपाट. उसामागं किंवा तुरीमागं कोण पाणी देतंय, कापूस कोण वेचतंय, रात्री दिसत नाही.

परवाना शस्त्राचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही अनुसूची २ मध्ये आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी मिळू शकते. त्या कागदाशिवाय बार काढायचा नाही, आणि मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते, मटण वाटायचं नसतं. काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये आहेत, तिथं किमान तीन वर्षांची कैद आहे. अंधारात रोही समजून काळवीट पडला तरी गुन्हा गुन्हाच.

हे कधीच करू नका

• लेथवर नळी कापून घेणं. हा वेगळा गुन्हा आहे. दुरुस्ती फक्त परवानाधारक कारागिराकडं.
• .३१५ मध्ये 'बसतंय' म्हणून दुसऱ्या बोराचं काडतूस घालणं.
• लग्नात, मिरवणुकीत बार काढणं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• जागलीला जाणाऱ्या गड्याच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या हाती रायफल देणं.
• भरलेली रायफल भिंतीला टेकवून ठेवणं. बोल्ट एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली लेकरांच्या नजरेआड.

पावसाळ्यात दर आठवड्याला नळीला पातळ तेलाचा हात फिरवा, आणि बार काढण्याआधी ते कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

नुकसान झालं तर

पिकाची नासाडी दिसली की फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जवळ ठेवा. पंचनामा होईपर्यंत खराब झालेलं पीक काढू नका. वन विभागाची हेल्पलाइन: १९२६.