लाल ठिपका कुठे गेला?

#थ्रेड

माझ्या टेबलावर एक हरिकेन विमान उभे आहे. पंखांचा विस्तार जेमतेम १७ सेंटिमीटर. मूळ विमान ४० फुटांचे होते. १:७२ या प्रमाणात ते तळहातावर मावते. जोडणी झाली, घासकाम झाले. पाठीवर गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगाचे पट्टे चढले, पोटाला करडा रंग लागला. राहिली ती फक्त डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची चिन्हे. आणि नेमके तिथेच काम चार दिवस अडले.

अडचण अशी की खोक्यातल्या पत्रकावर ब्रिटिश हवाई दलाचे परिचित वर्तुळ छापलेले आहे. त्याला राउंडेल म्हणतात: बाहेर निळा, मग पांढरा, मधोमध लाल. मला मात्र हे विमान १९४४ सालच्या इंफाळचे करायचे आहे, स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचे. त्या आघाडीवरच्या आपल्या विमानांना लाल ठिपका नव्हता.

तो का नव्हता, हे समजण्यासाठी १९१४ पर्यंत मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांनी विमानांवर आपला ध्वज रंगवला होता. दुरून त्यातला क्रूस तेवढा नजरेत भरे, आणि जर्मन विमानांवरही क्रूसच असे. तेव्हा ब्रिटिशांनी फ्रेंच विमानांवरचे वर्तुळ उचलले आणि त्यातल्या रंगांचा क्रम उलटा केला. आज आपण ज्याकडे राष्ट्राभिमानाचे चिन्ह म्हणून पाहतो, ते मुळात आपल्याच माणसांना केलेले आर्जव होते: गोळी झाडू नका, मी तुमचाच आहे.

हे आर्जव दरवेळी ऐकले गेले असे नाही. ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडच्या पूर्व भागावर ७४ व्या स्क्वॉड्रनच्या स्पिटफायर विमानांनी ५६ व्या स्क्वॉड्रनची दोन हरिकेन पाडली. दोन्ही बाजूंना तेच निळे-लाल वर्तुळ. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात गेला. या महायुद्धात मृत्यू पावलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तोही स्वकीयांच्या हातून. ही घटना ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या उपरोधिक नावाने ओळखली जाते.

आशियात प्रश्न आणखी बिकट झाला. जपानी विमानांवर हिनोमारू, म्हणजे भरीव लाल सूर्य. धावत्या ढगांतून क्षणभर दिसणाऱ्या विमानावर लाल काही चमकले, की खालचा तोफची मधला पांढरा आणि बाहेरचा निळा शोधत बसत नाही. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. ऑस्ट्रेलियानेही लाल वगळला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर लाल गेला, आणि पांढराही फार काळ टिकला नाही, कारण जंगलाशी मिसळणाऱ्या रंगांवर शुभ्र वर्तुळ लांबूनच उठून दिसते. उरला गडद निळा, आणि मध्ये पांढऱ्यात थोडा निळा मिसळून केलेला फिकट निळा.

इंफाळच्या हरिकेनांसाठी ही बाब जीवावरची होती. पहिल्या स्क्वॉड्रनचे काम प्रामुख्याने टेहळणीचे, डोंगरदऱ्यांतून खालून उडत शत्रूची हालचाल शोधण्याचे. म्हणजे शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात, आणि आपल्याही. खाली आपलेच जवान होते. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढलेल्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. अर्जन सिंग तेव्हा पंचविशीत होते. माझेही वय आज तेवढेच आहे, आणि माझी सर्वांत मोठी जोखीम म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक काचेवर गोंदाचा डाग पडणे. त्याच वर्षी माउंटबॅटन यांनी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस प्रदान केला.

इथे एक मोह आवरायला हवा. साम्राज्याच्या चिन्हातून लाल गेला यात स्वातंत्र्याची चाहूल शोधणे फार सोपे आहे, पण ते चूक आहे. तो स्वकीय तोफांच्या भयाने गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आले, मग केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ. ती कथा वेगळी.

आता थोडी साधनचिकित्सा. त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. तिच्यावर लाल काळा उमटतो आणि निळा फिकट. पँक्रोमॅटिक फिल्मवर हेच नाते बदलते. त्यामुळे छायाचित्रात मधला ठिपका फिकट दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. आधी फिल्म कोणती हे विचारावे.

त्या आघाडीवरच्या पुष्कळ लढाऊ विमानांची राउंडेल मुद्दाम लहान, साधारण १६ इंच व्यासाची असत. १:७२ मध्ये ते झाले साडेपाच मिलिमीटर, आणि मधला ठिपका बाजरीच्या दाण्याएवढा. तो हाताने रंगवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आठ प्रयत्न वाया गेले.

या प्रमाणाचीही एक गंमत आहे. १:७२ ब्रिटनमध्ये युद्धापूर्वीच रूढ होते. पण १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली पाच लाख लाकडी विमाने मागवली. ती खेळण्यासाठी नव्हती. सैनिकांना शत्रू-मित्र ओळखायला शिकवण्यासाठी होती. सगळी काळी रंगवलेली, कारण परीक्षा आकृतीची होती. गणित सरळ आहे: ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती, ७२ ने गुणले की २,५२० फूट, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरचे खरे विमान.

काल संध्याकाळी फिकट निळा ठिपका लावण्यापूर्वी मी पत्रकावरचे लाल वर्तुळ एका पंखाच्या पोटाला तात्पुरते चिकटवले, विमान खिडकीच्या गजाला दोऱ्याने टांगले आणि ३५ फूट मोजून वसतिगृहाच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. दिवस मावळत होता. विमानाची आकृती ओळखू आली. पंखावर काहीतरी काळसर होते. त्याचा रंग कोणता, ते मला सांगता आले नाही.