तीस वॅटची आकाशवाणी

टांग्यातून उतरा. सप्टेंबर 1935, म्हैसूर. दसऱ्याला अजून अवकाश आहे. समोरच्या घराचं नाव ‘विठ्ठल विहार’. विठ्ठलाला आपण कानडा म्हणतोच, तेव्हा बिचकायचं कारण नाही.

घर डॉ. एम. व्ही. गोपालस्वामींचं. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतात, शिकून आलेत लंडनहून. इंजिनिअर नव्हेत, हे ध्यानात असू द्या. तरी या घरात 30 वॅटचा ट्रान्समीटर आहे. तुमच्या न्हाणीघरातला पिवळा दिवासुद्धा याहून जास्त वीज खायचा! तेवढ्यावर 10 तारखेपासून इथून गाणी आणि भाषणं हवेत सुटतायत. पदरमोड प्रोफेसरांची.

आत या, पण खुर्ची सरकवू नका. खोकला आला तर पदरात, नाहीतर रुमालात दाबा. आधी ध्वनिमुद्रण करून मग ऐकवायची चैन इथे नाही. तुमची ढास म्हैसूरभर जाईल.

त्यापेक्षा शेजारी ऐकायला चला. छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तार, तिचं एक टोक खिडकीतून आत आलेलं. यजमान बटण फिरवतात. काहीच होत नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आधी तापलेल्या धुळीचा वास येतो, मग खरखर, मग कानडीतला माणसाचा आवाज. घरातल्या म्हातारीने हात जोडलेत. हसू नका.

तिला हा प्रकार पोथीतून ठाऊक आहे. देवकीची वरात, रथाचे लगाम खुद्द कंसाच्या हाती आणि वरून आवाज, हिचा आठवा मुलगा तुझा काळ ठरेल. कीर्तनात तुम्हीही ऐकलंय. कंसाची गाळण उडवणारा तोच शब्द म्हैसूरकरांनी या केंद्राला दिला: आकाशवाणी. सुचला कोणाला? कोणी लेखक ना. कस्तुरींचं नाव घेतं, कोणी प्रोफेसरांचं. मला विचाराल तर वाद चालू द्यावा. शब्दच तसा आहे, बोलणारा दिसत नाही.

दिल्लीत या घडीला सरकारी रेडिओचा कारभार बघायला लायोनेल फील्डन नुकतेच येऊन पोचलेत. त्या रेडिओला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडायला 1936 उजाडेल.

आता भराभर पुढे या. 1942 मध्ये संस्थान सरकार केंद्र ताब्यात घेतं. 1950 ला ते ऑल इंडिया रेडिओत सामील होतं आणि 1955 मध्ये चंबूगबाळं आवरून बंगळुरूला जातं. म्हैसूरकरांचं हळहळणं साहजिक आहे. पण दोनच वर्षांत, 1957 साली, गावातून गेलेल्या केंद्राचं नाव सगळ्या देशाच्या रेडिओला मिळतं.

अजून सहा वर्षं पुढे, या वेळी सांगलीत. 1963 चा ऑक्टोबर, इथलं केंद्र नुकतंच सुरू झालंय. स्वयंपाकघराच्या फडताळावर रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल. निवेदक केंद्राचं नाव सांगतो. आजी पिठाचे हात तसेच ठेवून ओरडते, ‘‘अरे, बातम्या लागतील आता, तेवढं घड्याळ लावून घे!’’

तुम्ही स्टुलावर चढता. घड्याळ चार मिनिटं मागे आहे.