लग्नाची अंगठी

सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा रस्ता शहागडाजवळ गोदावरी ओलांडतो आणि लवकरच वडीगोद्रीस येतो. अंबड तालुक्यांतील हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हां तें त्या जिल्ह्यांत गेलें. अशा गांवचे नियोजित वधूवरही आतां सराफाच्या पेढीवर बरोबर बसून एकमेकांसाठीं अंगठ्या पसंत करूं लागले आहेत. त्यांच्या आजोबांना ही गोष्ट विलक्षण वाटली असती. अंगठी त्यांच्या ओळखीची होती; नवी आहे ती निवड.

जुन्या वाङ्मयांत अंगठी पदोपदीं भेटते. अशोकवनांत मारुति सीतेपुढें रामाची मुद्रिका ठेवतो. विशाखदत्ताच्या नाटकांत राक्षसाची मुद्राच त्याच्या घाताचें साधन होते. परंतु या अंगठ्या लग्नाच्या नव्हेत. त्या धन्याच्या नांवाच्या आहेत. ओळख आणि अधिकार सांगणें हें त्यांचें काम. विवाहाशीं अगदी जवळची म्हणावी ती दुष्यंताची. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत अंगठी मुळींच नाहीं. ती कालिदासानें घातली. तीही एकट्या राजाची! शकुंतलेनें त्याला उलट कांहीं दिलें नाहीं, आणि शचीतीर्थांत ती मुद्रिका गळून पडतांच तिच्याजवळ पत्नीपणाचा पुरावा उरला नाहीं. एकतर्फी खुणेचा धोका याहून स्पष्ट कोणी दाखविला आहे?

धर्मशास्त्रानें विवाहाचा भार दागिन्यावर टाकलेला नाहीं. पाणिग्रहण आणि सप्तपदी हीं मुख्य कर्में. गळ्यांत मंगळसूत्र बांधण्याचा विधि प्राचीन सूत्रग्रंथांत सांपडत नाहीं, असें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं दाखवून दिलें आहे. तरी मराठी घरांत मंगळसूत्रावांचून लग्न कल्पिणें कठीण. त्याच्या दोन वाट्यांपैकीं एक माहेरची व एक सासरची मानण्याची रीत आहे. म्हणजे जोडी येथेंही आहे; पण ती दोन घराण्यांची.

वराच्या बोटांतील अंगठीची कथा निराळी. ती बहुधा सासऱ्याकडून येई. साखरपुड्यांत, लग्नांत, दिवाळसणाला किंवा धोंड्याच्या महिन्यांत. वधूनें ती दिली असें कोणी म्हणत नसे. ‘सासऱ्यानें जांवयाला घातली’ असेंच म्हणत. ती किती भाराची याची चर्चा मांडवांत होई, आणि जांवयाच्या रुसव्यालाही तेवढें निमित्त पुरे. मराठवाड्यांत देण्याघेण्याची याद वडीलधाऱ्यांच्या बैठकींत ठरे. त्या यादींत ज्यांचीं बोटें होतीं त्यांनाच कोणी विचारीत नसे. मुलीच्या अंगावरील सोनें तिचें स्त्रीधन खरें, पण १९७२ सारखा दुष्काळ आला, की घरधन्याचा हात आधीं त्याकडेच जाई. आपण न निवडलेलें गेलें, तरी दुःख कमी होत नाहीं!

ही दोन अंगठ्यांची चाल पश्चिमेकडून आली हें खरें; परंतु तिकडेही ती पुरातन नाहीं. वाग्दत्त वधूला लोखंडाची साधी अंगठी पाठविण्याचा रोमन रिवाज प्लिनीनें नोंदला आहे. इंग्लंडांतील १५४९ च्या प्रार्थनाग्रंथांतही अंगठी एकच, पुरुषानें स्त्रीच्या बोटांत घालावयाची. विवाहित पुरुषानें अंगठी वापरण्याची रूढि तिकडे प्रामुख्यानें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, शिपाई दूरदेशीं गेले तेव्हां, पसरली.

आपल्याकडे कायद्यानें काय म्हटलें? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत रूढीप्रमाणें विधि पुरे मानले आहेत. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाबरोबर विवाह पूर्ण होतो. मद्रास राज्यानें १९६७ मध्यें याला दुरुस्ती जोडली. तींत आप्तेष्टांसमक्ष एकमेकांस वरणें आणि परस्परांना हार घालणें, बोटांत अंगठी घालणें किंवा ताली बांधणें, यांपैकीं कांहींही चालतें. पुरोहिताची अट नाहीं. अंगठीला असा स्पष्ट कायदेशीर मान तेथें मिळाला. महाराष्ट्रांत ती केवळ हौसेची व समजुतीची वस्तु आहे.

समजूत म्हटली तरी सोनें फुकट येत नाहीं. १९६३ च्या जानेवारींत सरकारनें चौदा कॅरटांहून शुद्ध दागिने घडविण्यास बंदी केली. तिनें कारागिरांची उपासमार झाली आणि लग्नघरांची पंचाईत. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती प्रथम २५६ जिल्ह्यांत सुरू झाली. तींतून दोन ग्रॅमांहून हलका दागिना वगळलेला आहे, आणि बेताच्या ऐपतीच्या जोडप्याची अंगठी नेमकी तेवढीच असूं शकते. तेव्हां पेढीवर बसलेल्या त्या दोघांनीं नक्षीवर एकमत होण्यापूर्वीं पावतीवर कॅरट व वजन लिहून घेतलेलें बरें. पावती कोणाच्या नांवानें करावयाची, हेंही तेथेंच ठरवावें.