तंबोरा : रचना व नाद

तंबोरा (तानपुरा) : हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतात गायन-वादनाला आधारस्वर पुरवणारे तंतुवाद्य. याला पडदे नसतात. तारा मोकळ्याच छेडल्या जातात, राग वाजवला जात नाही. म्हणून तंबोऱ्याची पारख केवळ नादावरून होते : स्वर किती वेळ टिकतो, त्यातून उपस्वर किती फुटतात आणि एका तारेचा नाद पुढच्या तारेत कसा मिसळतो, एवढेच पाहिले जाते. भोपळा व तबली आवाज मोठा करतात. आवाजाचा खरा पोत मात्र घडतो तो घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तबलीवरील पट्टीवर.

सांगाडा : महाराष्ट्रात तंबोऱ्यासाठी लागणारा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतो. तो पूर्ण पिकवून, वाळवून, आतून साफ करून वापरतात. पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली प्रायः तुनीच्या लाकडाची असते. तबली किंचित फुगीर ठेवतात. ती फार पातळ केली तर आवाज चटकन उठतो, पण तारांच्या ताणाने ती पुढे दबते. जाड राहिली तर नाद कोंडतो. तबली दबली की घोडीही कलते आणि जुळवलेला नाद बिघडतो. तंजावर पद्धतीच्या तंबोऱ्यात भोपळ्याऐवजी फणसाच्या लाकडाचा कोरीव घट असतो.

घोडी व जवारी : गिटारच्या घोडीवर तार एका अरुंद धारेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र रुंद व अगदी हलक्या उताराचा असतो. कंप पावणारी तार या उताराला क्षणोक्षणी टेकते व सुटते. तिची कंपणारी लांबी सतत बदलते आणि ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे वळते. त्यामुळे तार छेडल्यानंतर उपस्वर एकामागून एक उमलतात. या झणकाराला व तो साधणाऱ्या घोडीच्या पृष्ठाला जवारी म्हणतात. घोडी हाडाची, शिंगाची, लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाची असते.

जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीने पुसटसा घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवून पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो मागेपुढे सरकवला जातो. नेमकी जागा सापडताच बद्द वाजणारी तार बोलू लागते; दोरा केसभर हलला तरी झणकार जातो. उपस्वर भरपूर असलेली जवारी ‘खुली’, तर आवाज गोल व आवरलेला ठेवणारी ‘बंद’ म्हणून ओळखली जाते. वापराने तारांच्या चऱ्या घोडीवर पडतात, म्हणून जवारी वेळोवेळी पुन्हा काढून घ्यावी लागते.

तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद (कंपन नसलेला बिंदू) असतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत असल्याचे सांगितले.

तारा : सामान्यतः तारा चार असतात. पहिली मंद्र पंचमात (रागानुसार मध्यम किंवा निषादात), मधली जोडी मध्य षड्जात व चौथी खर्जात (मंद्र षड्जात) लावतात. जोडी पोलादी, तर खर्ज बहुधा पितळेचा असतो. घोडीखाली तारांत ओवलेले मणी सरकवून स्वर बारकाईने मिळवतात. जवारी चांगली असेल तर खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर, म्हणजे गंधार, स्पष्ट ऐकू येतो. त्यासाठी वेगळी तार लागत नाही.

मिरज : सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरे व सतारी बनवण्याचे प्रमुख केंद्र आहे. पूर्वी शस्त्रे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर एकोणिसाव्या शतकात या व्यवसायाकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांचे अध्वर्यू मानले जातात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृ. १९३७) यांचे वास्तव्य मिरजेत असल्याने कारागिरांना चोखंदळ गायकाचा सहवास लाभला. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची कामे तेथे आजही मुख्यतः हातांनी होतात, आणि जवारीची अखेरची पारख कारागिराच्या कानावरच अवलंबून असते.